निरोगी नमुन्याची हकीकत

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गेले नऊ दिवस पाठ धरली आहे आणि आठांपैकी निदान तीन अंगे जमिनीपर्यंत पोचत नाहीत. तेवढी वजा करून घ्यावीस. तू आणि दाजी खुशाल असालच. धरणाच्या भिंतीची तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात तू लिहिले होतेस की भिंतीला एका बाजूने आवाज द्यायचा, तो दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचतो ते बघायचे आणि आत तडा आहे की नाही ते सांगायचे, हे तुझे सध्याचे काम. त्यावर मी तुला 'भिंतीशी हितगुज करणारी विदुषी' वगैरे काहीबाही लिहून पाठवले. ते शब्द मी बिनशर्त परत घेतो. कारण पुढे येईल.

तू पत्र शेवटाकडून वाचतेस हे मला ठाऊक आहे (माझ्या गोष्टींच्या पुस्तकांचे शेवट तू मला मोठ्याने वाचून दाखवायचीस, त्याला चाळीस वर्षे झाली तरी मी विसरलेलो नाही), म्हणून मुख्य गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुझ्या लेकीच्या, भिंगरीच्या, डाव्या खुब्याच्या सांध्याला सूज येऊन आत पाणी झाले होते. ते उतरते आहे. ताप नाही, जेवण चालू आहे, तोंड तर चोवीस तास चालू आहे. आता तू उठून उभी राहिली असशील. खाली बस. दाजींना हाक मारू नकोस, ते नकाशावर शाई सांडतील. सगळे क्रमाने सांगतो. आणि क्रमाने सांगितल्यावर यात माझा दोष किती, तुझ्या भावजयीचा किती आणि वैद्यकशास्त्राचा किती, हे तूच ठरव.

सुरुवात तुझ्या भावजयीपासून, म्हणजे माझ्या बायकोपासून करू. ती त्या मुलांच्या रुग्णालयात प्रशिक्षणाचा विभाग सांभाळते हे तुला माहीत आहे. म्हणजे गावोगावहून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांच्या खुर्च्या, चहा आणि रुसवे सांभाळते. मागच्या सोमवारी आणि मंगळवारी तिने बारा डॉक्टरांचा वर्ग भरवला होता. विषय असा की मुलांच्या खुब्यात आलेली सूज सोनोग्राफीने कशी ओळखावी. गुडघा सुजला तर तो आपण होऊन ओरडून सांगतो, कोणालाही दिसतो. खुबा मात्र मांसाच्या चार थरांखाली दडून बसलेला, आत काय शिजते आहे त्याचा बाहेर पत्ता लागू देत नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसते पण पाणी दिसत नाही. आणि मूल एवढे लहान की त्याला नीट सांगता येत नाही. म्हणून आवाज आत सोडायचा आणि परत येणाऱ्या आवाजाचे चित्र बघायचे. (वाच, विदुषी. तुझेच शास्त्र.) हे शिकवायचे तर आधी निरोगी सांधा कसा दिसतो ते दाखवायला हवे, आणि निरोगी सांधा दाखवायचा तर त्याच्याभोवती एक निरोगी मूल हवे. असे मूल भावजयीने महिनाभर आधी ठरवून ठेवले होते. औषधांच्या खिडकीवरच्या बाईंची मुलगी, गुणी, गप्प, सांगितले तसे पडून राहणारी. त्या मुलीला सोमवारी सकाळी कांजिण्या आल्या.

साडेआठला भावजयीचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "आपल्या घरात एक मूल आहे ना?" मी म्हटले, आहे. "निरोगी आहे ना?" आता ताई, हा प्रश्न ज्या क्षणी आला तो क्षण तुला समजावून सांगायला हवा. त्या क्षणी ते मूल माझ्यासमोर सतरंजीवर बसले होते, आणि नेमक्या त्याच विषयावर आमचे चार दिवस भांडण चालले होते.

तू भिंगरीला माझ्याकडे ठेवलीस तेव्हा म्हणाली होतीस की हिला जरा पाठांतराची सवय लाव. मी लावत होतो. रोज सकाळी अर्धा तास, संस्कृत शब्दांची रूपे, ताठ बसून, मांडी घालून. मांडीवर माझा कटाक्ष आहे. बावीस वर्षे वर्गात मी पाहत आलो आहे, ज्याची मांडी मोडली त्याची विभक्ती मोडली. पहिले दोन आठवडे ठीक गेले. मग शुक्रवारी ती म्हणाली, मामा, मला मांडी घालता येत नाही, गुडघा दुखतो. बावीस वर्षांत पाठांतराच्या वेळी मुलांचे काय काय दुखते ते मी ऐकलेले आहे. एकाच्या केसांत दुखायचे. तरीही मी अन्याय केला नाही. रीतसर चौकशी केली. गुडघा तपासला. सूज नाही, लाली नाही, ओरखडा नाही, दाबला तर तक्रार नाही. भावजयीने मलम चोळले. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी आपली फीत काढून दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजला आणि दोन्ही साडेनऊ इंच भरले, असे सांगून वर आपल्याकडची एक रुंद इलॅस्टिकची पट्टी त्यावर चढवून दिली. गुडघा निर्दोष ठरला. आणि गुडघा निर्दोष ठरल्यावर उरले कोण? मी भिंगरीला म्हणालो, नाटक छान वठले, आता मांडी घाल. तिने घातली नाही. डावा पाय लांब करून कलती बसली आणि सगळी रूपे खिडकीकडे बघत धडाधड म्हणून दाखवली, एकही चूक न करता, मला चिडवायला.

(दुखणे खुब्यातले असले तरी मुलाला ते पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, हे मला आता ठाऊक आहे. दोघांना जाणारी नस एकच, असे काहीसे आहे. आमच्या शास्त्रात एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादण्याला अध्यारोप म्हणतात आणि त्यावर मी दोन तास बोलू शकतो. तो समोर सतरंजीवर कलता बसला होता आणि मला ओळखता आला नाही.)

तर फोनवर मी म्हटले, "ठणठणीत आहे."

पावणेदहाला आम्ही रुग्णालयात. चालत गेलो, भिंगरी मागे रेंगाळत होती आणि मी पुढून हाका मारत होतो, हेही लिहून ठेवतो. दारात भावजयीने एक फॉर्म पुढे केला. नाव, वय सात, नाते, आणि 'सध्या कोणतीही तक्रार आहे का?' मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले, 'नाही.' पुढे पूर्णविरामही दिला. भावजयीने भिंगरीच्या फ्रॉकवर एक चिकटपट्टी लावली, तिच्यावर छापले होते: 'निरोगी नमुना'. भिंगरीने ती दोनदा वाचली आणि विचारले, "हे बक्षीस आहे का?"

खोली लहान, पडदे ओढलेले, मध्ये उंच पलंग, त्याच्याशेजारी चाकांवरचे यंत्र, आणि एका भांड्यात गरम पाण्यात बुडवून ठेवलेली जेलची बाटली, म्हणजे मुलाला गार लागू नये. भिंतीला लागून बारा डॉक्टर, पाठीला पोट लावून, शाळेच्या फोटोसाठी उभे केल्यासारखे. शिकवणाऱ्या बाई बाहेरून आलेल्या. पिकलेले केस, बुटकी मूर्ती, उंच स्टुलावर बसल्या की पाय लोंबकळतात. त्या डॉक्टरांशी कमी बोलत होत्या, भिंगरीशी जास्त. नाव काय, इयत्ता कोणती, हे जेल आहे, ही दांडी आहे, टोचत नाही, फक्त सरकते. भिंगरीने विचारले, यातून गाणे ऐकू येते का? बाई म्हणाल्या, येते, पण वटवाघळाला. त्या उत्तरावर तुझी लेक त्यांची कायमची झाली. पाय सरळ, बोटे छताकडे, आणि दांडी खुब्यावर पुढच्या बाजूने, तिरकी.

पडद्यावर काय दिसत होते म्हणशील, तर मला ढगाळ दुपार दिसत होती. बाई बोट ठेवून सांगत गेल्या: ही पांढरी कमान म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा, ही उतरती रेघ म्हणजे त्याची मान, आणि मानेवर ताणून बसवलेला हा पातळ पापुद्रा म्हणजे सांध्याचे आवरण. हाड आणि आवरण यांत जागा किती? उजव्या बाजूला चार मिलिमीटर. उत्तम. निरोगी सांधा असा दिसतो, नीट बघून घ्या. बारा जणांनी बघून घेतला. मग एकेकाने दांडी हातात धरून बघितला, आणि त्यातल्या एका मिशीवाल्या डॉक्टरांनी दांडी उलटी धरून भिंगरीचे हाड शोधण्यात इतका वेळ लावला की तिनेच त्यांना धीर दिला, "सापडेल, काका." मी कोपऱ्यात भाचीच्या अभिमानाने फुगून उभा. बाई म्हणाल्या, "नेहमी दोन्ही बाजू बघायच्या. एका बाजूने कधीही निकाल द्यायचा नाही." (मी हे वाक्य मनात टिपून घेतले, पुढेमागे वर्गात वापरायला.) आणि त्यांनी दांडी डावीकडे नेली.

आणि गप्प झाल्या.

ताई, मी शिकवणारा माणूस आहे. शिकवणारा मध्येच गप्प होतो तेव्हा एकतर तो विसरलेला असतो किंवा त्याला काहीतरी दिसलेले असते. बाई विसरण्यातल्या नव्हत्या. पडद्यावर हाडाच्या रेघेवर एक काळा विळा बसला होता, इतका स्वच्छ की त्या ढगाळ दुपारी मलासुद्धा दिसला. पापुद्रा वर फुगला होता. त्यांनी दोन ठिपके टाकून अंतर मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठ. मग यंत्रावर रंग चढवून तिथे रक्त किती जोरात धावते ते पाहिले. मिशीवाले हळूच म्हणाले, "बाई, निरोगी तो हाच ना?" त्याच वेळी दारातून चहाचा ट्रे घेऊन भावजय आत आली, आणि तेरा पाठमोऱ्या लोकांकडे बघून तिने विचारले, "काय झालं? लाइट गेले का?"

बाईंनी दांडी ठेवली, बाळाचे तोंड पुसावे तशी जेल पुसली, पाय हातात घेऊन हळूच आत वळवला. भिंगरी म्हणाली, "आई गं." मग बाई माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. "काही तक्रार होती का हिची?" माझा फॉर्म शेजारच्या टेबलावर, पूर्णविरामासकट. मी म्हटले, गुडघा. "किती दिवस?" चार. बारा पेने चालू झाली. "मांडी घालते का?" मी म्हटले, घालत नाही, म्हणजे, घालायला नकार देते. बारा जणांनी हेही लिहून घेतले. "मग तुम्ही काय केलंत?" बावीस वर्षांत माझ्या एका तरी शब्दाची कोणी अशी नोंद घेतली असती तर आज संस्कृतची ही दशा नसती. मी इलॅस्टिकच्या पट्टीपर्यंत सगळे सांगितले. शिंपीकाकांची फीतसुद्धा. तेव्हा पलंगावरून भिंगरीने पुरवणी जोडली: "आणि मामा म्हणाला, नाटक छान आहे." ते कोणी लिहिले नाही. नुसते माझ्याकडे बघितले.

पुढचे थोडक्यात. ताप पाहिला, नव्हता. रक्त तपासले, जंतूंचे काही चिन्ह नाही. दोन आठवड्यांपूर्वी सर्दी झाली होती का? झाली होती. बाई म्हणाल्या की सर्दीनंतर मुलांच्या खुब्याला अशी पाहुणी सूज येते आणि बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत निघून जाते. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. यंत्र पाणी आहे एवढे सांगते, ते कशाचे ते सांगत नाही. ताप आला, तर एक क्षण न थांबता घेऊन या. मग सुई घालून ते पाणी काढून बघावे लागेल. आणि पाणी आठवड्यात उतरले नाही, तर सांध्यांचे जे जुनाट आजार मुलांना होतात त्यांच्या वाटेने शोध घ्यावा लागेल. तोवर सूज उतरवणारे औषध, आणि विश्रांती. चालणे नाही, उड्या नाहीत, जिने नाहीत.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, हे बाईंना कोणी सांगितले नव्हते. चव्वेचाळीस पायऱ्या. भिंगरीचे वजन तेवीस किलो. 'निरोगी नमुना'ची पट्टी वेगळी, कारण ती तिने काढू दिली नाही आणि चार दिवस फ्रॉक बदलला की नव्या फ्रॉकवर ती हलवून लावत होती. पाठीचे कारण तुला आता समजले असेल.

दुसऱ्या दिवशीची गंमत वेगळीच. वर्ग दोन दिवसांचा, नमुना हवाच, आणि रुग्णालयात बातमी पसरली होती की इथे धडधाकट मूल नेले की आजारी करून परत देतात. भावजयीने सतरा ठिकाणी विचारले. झाडूवाल्या बाईंनी आपल्या मुलीला चक्क पदराखाली घेतले. शेवटी भावजय माझ्याकडे बघून म्हणाली, तुझ्यामुळे झालं, तूच चल. बाई म्हणाल्या, मोठ्या माणसाचं चालेल, यंत्र हाताळायची सवय तर होईल. म्हणून मी त्या पलंगावर धोतर... चुकलो, पायजमा सावरून आडवा पडलो आणि बारा जणांनी माझे दोन्ही खुबे आळीपाळीने बघितले. कोणीही चांगले म्हटले नाही. मिशीवाल्यांना मात्र माझे हाड पहिल्या झटक्यात सापडले. तुझी भावजय दारातून म्हणाली, "सापडेल नाही तर काय, उन्हाळ्यात वाळत घातल्यासारखं तर आहे." तिच्या अहवालात आता अशी नोंद आहे: 'निरोगी नमुने: दोन. पैकी सदोष: दोन.'

बिछान्यात पडून राहणाऱ्या भिंगरीबद्दल मी काय लिहू? तू तिचे नाव घरात भिंगरी पाडलेस तेव्हा मला ते अलंकारिक वाटले होते. वारा बांधून ठेवता येतो का ते मी नऊ दिवस करून पाहिले आहे. पहिल्या दिवशी तिने पलंग म्हणजे बोट आहे असे जाहीर केले, तोवर ठीक. दुसऱ्या दिवशी बोटीवर बंड झाले. तिसऱ्या दिवशी मी दर दोन तासांनी ताप मोजतो म्हणून तिनेही दर दोन तासांनी माझा ताप मोजायला सुरुवात केली. मग शेजारून दोन थर्मामीटर उधार आणले आणि तिन्हींच्या आकड्यांत अर्ध्या-अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तेव्हा कोणता खरा हे ठरवायला मी भावजयीलाही धरले. एका दुपारी आम्ही तिघेही तोंडात काचेच्या नळ्या धरून गप्प बसलो होतो आणि शिंपीकाका वर आले ते तसेच पाठीमागे पाय टाकत उतरले. त्यांना वाईट वाटले आहे. गुडघे सारखे भरले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, असे म्हणत होते. काय लक्षात यायला हवे होते, ते त्यांनाही सांगता आले नाही. रोज संध्याकाळी तिची करमणूक म्हणून कापडाच्या चिंध्यांची एक बाहुली शिवून आणतात. अशा सहा झाल्या. सहाही डाव्या पायाने लंगड्या आहेत, कारण भिंगरीची तशी मागणी आहे.

काल, मंगळवारी, पुन्हा यंत्राखाली नेले. बाई मुद्दाम थांबल्या होत्या. उजवीकडे चार, डावीकडे सहा. आठाचे सहा झाले. रंगाचे ठिपकेही कमी. पूर्ण उतरलेले नाही, पण दिशा खाली आहे. औषध चालू ठेवा, आणखी दहा दिवसांनी पुन्हा बघू. तेव्हा चारावर आले तर प्रश्न मिटला. घरी येताना चव्वेचाळीस पायऱ्या मला सोळा वाटल्या.

तेव्हा तू तिकडचे काम टाकून येऊ नयेस हे बरे. तुझी भिंत तिथे एकटीच आहे, इथे आम्ही तिघे आहोत आणि शिंपीकाका. रविवारी फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणालो, त्याबद्दल रागावू नकोस. तीन मिनिटांच्या खरखरत्या लाइनवर 'खुब्यात पाणी' एवढेच तुला ऐकू गेले असते आणि पुढचे सहा दिवस तू डोक्याला हात लावून बसली असतीस. टपालाची पिशवी बुधवारी पाच वाजता जाते, त्यात हे सविस्तर पाठवतो आहे. दाजींना नमस्कार. त्यांनी मला शास्त्रीबुवा म्हणणे आता थांबवावे, सध्या ते मला लागते.

तुझा,
पंडित

ता. क. पाकिटाला डिंक लावला आणि पाकीट बंद केले नाही. वर जे लिहिले ते सगळे खरे आहे, पण एक गोष्ट लिहिली नाही.

रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी भिंगरीला सांगितले होते की पायाचे आईपाशी काढू नकोस, तिला काळजी लागेल. ती म्हणाली, "आणि तिने विचारलं तर?" मी म्हटले, "नाही म्हणायचं. काही दुखत नाही म्हणायचं." तिने तसे म्हटले. तू ऐकलेस. छान म्हटले तिने. मी तिला शाबासकीही दिली.

काल बाईंनी तिचा पाय आत वळवला आणि विचारले, दुखतं का? भिंगरीने आधी माझ्याकडे बघितले. मग म्हणाली, "नाही." तिच्या पायाची बोटे मात्र आवळली गेली, ती मीही पाहिली. बाईंनी मला बाहेर जायला सांगितले. बाकावर मी दहा मिनिटे बसलो होतो. मग त्या बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या (पाय लोंबकळत). म्हणाल्या, "तुम्ही नसतानाही नाहीच म्हणाली. हे बघा, यंत्र मला पाणी दाखवतं. दुखणं दाखवत नाही. ते कमी होतंय की नाही हे मला पाण्याइतकंच कळायला हवं, आणि ते फक्त तीच सांगू शकते. तिला आता असं वाटतंय की नाही म्हटलं की मोठी माणसं खूश होतात."

खरे दुखत होते तेव्हा सांगितले, तर मी नाटक म्हणालो. मग मीच तिला नाटक शिकवले. एरवी माझे धडे मुलांच्या डोक्यात शिरायला वर्ष जाते, ताई. हा दोन दिवसांत पाठ झाला. मी तिची माफी मागितली आहे, तीन वेळा, वेगवेगळ्या शब्दांत. तिने तिन्ही वेळा "बरं" म्हटले. ते तुझेच "बरं" आहे, मला ओळखू येते. मी दर तासाला जाऊन विचारतो, दुखतंय का गं? ती दर तासाला नाही म्हणते, आणि मला ते खरे की खोटे काही कळत नाही.

म्हणून हे सगळे पत्र लिहिले. रविवारी तू तिला विचार. 'बरी आहेस ना' असे विचारू नकोस, त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. कुठे दुखतंय, असे विचार. आणि सांग की ती गुडघ्याबद्दल खरे बोलत होती आणि मामा चुकला, हे मामानेच तुला लिहून कळवले आहे. तुझे ती ऐकेल.

पुन्हा ता. क. पावणेपाच. वरचे लिहिण्याच्या नादात दुपारपासून तिच्या खोलीत गेलो नाही, ताप मोजला नाही, काही विचारले नाही. आत्ता आतून हाक आली. "मामा, थोडं थोडं दुखतंय." पेन हातात तसेच धरून गेलो. कुठे? गुडघ्यात, आणि इथे वरपण, म्हणून तिने खुब्यावर हात ठेवला. किती? तिने विचार केला. "काल जास्त होतं." काल तर नाही म्हणालीस, हे माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आले होते, गिळले. तिनेच आपण होऊन सांगितले, "तू दुपारपासून विचारलंच नाहीस, म्हणून सांगितलं."

बाईंना लगेच फोन केला. म्हणाल्या, उतरत्या सुजेत एवढं असायचंच, कालच्यापेक्षा कमी आहे ना, मग झालं. पण ती बोलली हे उत्तम. भाचीला दुखते आहे आणि मामाचा चेहरा फुलला आहे, असे दृश्य इथे आहे. भावजयीने विचारले, कशाचा आनंद झालाय एवढा? मी हे पान तिच्यापुढे धरले.

रविवारी तरीही विचार. आणि उत्तर यायला वेळ लागला तर लाइन तुटली असे समजून फोन ठेवू नकोस. थांब.